दगडांवर ठेवलेली गाडी

"चहा विचारायला तीन माणसं, गाडी बघायला एक नाही," बाकावर वेणूच्या खांद्याला खांदा लागून बसलेला माणूस पुटपुटला. कुणाला उद्देशून नव्हे. बहुधा हातातल्या कागदी कपालाच. "आणि चहा तरी धड आहे का?"

वेणूने नुसती मान हलवली. चहा पाणचट होता हे खरं, पण साखरशेतच्या पाड्यावरून नाशिकला येऊन लोकांच्या चहाला नावं ठेवणं तिला बरं दिसेना.

त्या शोरूमचे दोन भाग होते. पुढे काच, गार हवा आणि फुगे बांधलेल्या विजेवरच्या नव्या कोऱ्या पिकअप. मागे पत्र्याची शेड, तिथे बंद पडलेल्या. मधलं दार होतं, पण ते शेडवाल्यांसाठी नव्हतं. त्यांनी बाहेरून गटार ओलांडून यायचं. शेडमध्ये बॅटरीचं काम शिकलेला मेस्त्री एकच होता आणि तो आणखी शिकायला म्हणून पुण्याला गेला होता.

त्यांची पिकअप शेडच्या टोकाला उभी होती. पाड्यातल्या सगळ्यांनी ढकलून ती जव्हारच्या गौतमच्या भाड्याच्या ट्रकवर चढवली होती. वेणूचा नवरा जिवा सकाळपासून तिच्या टपावर हात ठेवून उभा होता. गुरांच्या दवाखान्यात बैलाजवळ उभं राहावं, तसा. वेणूने दोनदा बसायला बोलावलं. "हिला एकटं वाटंल," असं काहीतरी तो म्हणाला, आणि ती परत बाकावर आली.

गाडी नितीनची, त्यांच्या एकुलत्या एका पोराची. ती विकली हेमंतने. हेमंत मोखाड्याकडचा, म्हणजे जवळजवळ घरचाच. विकायच्या वेळी तो पाच वेळा साखरशेतला आला, नागलीची भाकर खाऊन गेला, जिवाला मामा आणि वेणूला मामी म्हणाला. "मामा, हिला तेल नाय, गिअर नाय, मेंटेनन्स झीरो. तुम्ही काहीच करायचं नाय." गाडी मिळाली त्या दिवशी त्याने नितीनच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली देऊन फोटो काढला. तो फोटो अजून घरात आहे. हेमंत मात्र तेव्हापासून फोन उचलत नाही.

पण गाडी गुणाची होती, हे वेणू कुणापुढेही सांगेल. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत बाजारात पोचायच्या. अडलेली बाई असो, तापाने फणफणलेलं लेकरू असो, नितीन मागच्या हौद्यात गोधडी अंथरायचा आणि जव्हार गाठायचा. आवाज म्हणून नव्हता तिला. वळणावर कळ्यांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया दचकायच्या. मग नितीनने पुढच्या बंपरला बैलाची घंटा बांधली. बाया म्हणायच्या, "आला गं, नितीनचा बैल आला."

मग आषाढ आला. भाताची आवणी ऐन भरात होती. उजाडायच्या सुमारास नितीनला मण्यार चावली. पाड्यातली माणसं धावली आणि त्यांनी त्याला उचलून पिकअपच्या हौद्यात ठेवलं. आजारी माणूस तिथेच ठेवायचा, हे अंगवळणी पडलेलं. गोधडीसुद्धा कुणीतरी अंथरली. आणि मग सगळे पुढच्या सीटकडे बघत उभे राहिले. गाडी पुरती चार्ज होती. चालवणारा पाड्यात एकच होता, आणि तो मागे झोपला होता. जिवा आत जाऊन बसला, स्टिअरिंगच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून बसला, आणि खाली उतरला. जव्हारहून जीप आली तोवर ऊन वर आलं होतं, आणि जीपचं काही काम उरलं नव्हतं.

तेव्हापासून तो एक शब्द घरात कुणी काढला नाही. जिवा बाजारात सांगायचा, पोर भिवंडीला कामाला आहे. दहाव्याला जेवून गेलेली माणसं ते ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, बरं."

दहाव्यानंतर जिवाने गाडी दगडांवर ठेवली. पावसाळ्यात बैलगाडी तशीच ठेवतात ना, चाकं जमिनीपासून उचलून, चिखल खाऊ नये म्हणून. वर ताडपत्री घातली. चार्जिंगची वायर काढून, पुसून, गुंडाळून मडक्यात ठेवली. उंदरांचा भरवसा नाही. जनावराला विश्रांती द्यावी इतक्या मायेनं त्याने सगळं केलं. भात कापून झाल्यावर ताडपत्री काढली, तर गाडीचा एक दिवाही लागेना.

"गाडी चालू झाली म्हंजे..." असं जिवा तेव्हापासून म्हणत होता. पुढचं कधी म्हणत नव्हता. पुढचं वेणूला माहीत होतं. म्हणून तर ती गटार ओलांडून इथे आली होती. गाडी चालू व्हावी, निदान एकदा, म्हणजे हा माणूस पुन्हा सावरून उभा राहील, एवढंच तिचं मागणं होतं.

दुपारी सुपरवायझर लॅपटॉप घेऊन आला. मागोमाग हेमंतही आला. त्याला बोलावून आणलं असावं. त्याने वेणूकडे बघितलं आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं. नितीनचं त्याला कळलेलं होतं. मोखाड्याकडच्या पोराच्या मोबाइलवर बातमी जाणार नाही, असं थोडंच आहे.

"ही घंटा कोणी लावली?" सुपरवायझरने विचारलं. "कंपनीचं फिटिंग नाही हे."

"आवाज नाय ना तिला," वेणू म्हणाली.

त्याने वायर जोडली, बटणं दाबली, पुन्हा दाबली. "बॅटरी मेली. झीरोवर महिनोन् महिने पडून होती. अधूनमधून चार्जिंग लावायचं असतं, एवढं पण माहीत नाही?"

"सांगितलं नाय कुणी," जिवा म्हणाला. "काहीच करायचं नाय, असं सांगितलं." त्याने हेमंतकडे पाहिलंही नाही. हेमंतचे कान मात्र लाल झाले.

"वॉरंटीत बसत नाही हे. नवीन बॅटरी म्हणजे अर्धी गाडी घेतल्यासारखं." सुपरवायझरने लॅपटॉप मिटला. "ओनर कुठं आहे?"

"भिवंडीला. कामाला," जिवा म्हणाला.

"नंबर आहे इथं." त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. फोन बंद असल्याचं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. वेणूने पदर तोंडाशी धरला. नितीनचा फोन घरी डब्यात होता.

"बघा. हल्लीची पोरं अशीच. हौसेनं गाडी घ्यायची, फोटो काढायचे, मग म्हाताऱ्यांच्या गळ्यात टाकून पळायचं. एकदा तरी वळून बघितलं का त्यानं गाडीकडं? बेपर्वाई आहे ही, दुसरं काय?"

"सर, राहू द्या ना," हेमंत हळूच म्हणाला.

"काय राहू द्या? एवढी चांगली गाडी मारून टाकली त्यानं."

वेणूला वाटलं, हेही जिवा गिळेल. चार महिने गिळतच होता. पण जिवाने टपावरचा हात काढला.

"त्याला बेपर्वा नको म्हणू," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "सांजच्याला पुसल्याबिगर जेवत नव्हता तो. दगडांवर मी ठेवली. वायर मी काढली. चालवायला मला येत नाय, सायेब. तवा पण येत नव्हतं."

"तवा म्हणजे कधी?" सुपरवायझर गोंधळला. "तो का नाही आला? आईबापाला एवढ्या लांब पाठवलं ते?"

हेमंतने मोबाइल खिशात ठेवला. जिवाने वेणूकडे पाहिलं. आषाढापासून त्याने तिच्या डोळ्यांत असं पाहिलं नव्हतं. ती बाकावरून उठली, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मेला तो," जिवा म्हणाला. "आमचा नितीन मेला."