उत्तर चौकीवरचा डॉक्टर

रविवारची जेवणं आटोपली, टेबल पुसून झालं, आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आडोशाच्या त्याच्या बाजूला खेळाचे नियम, बर्फाळ डोंगरांचा नकाशा आणि रुमालाखाली झाकलेली एक बोटभर उंचीची बाहुली. पलीकडच्या बाजूला बायको, मुलगी आणि सासूबाई. तिघींच्या चेहऱ्यावर भाव असा, की वीजबिलाच्या रांगेत उभं केलंय आणि खिडकी अजून उघडलेली नाही.

हा गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायचा. बारा मजल्यांच्या इमारतीत अडकलेली माणसं त्याने हसत हसत बाहेर काढली होती, पण आपल्या घरातल्या तीन बायकांना एका टेबलाशी दोन तास बसवताना त्याच्या नाकी नऊ येत.

खेळ तसा सोपा होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते पात्र काय करतं ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे टाकून ठरवायचं. गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. खोकं त्यानेच आणलं असल्यामुळे सूत्रधार कोण यावर मतदान झालं नव्हतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ असं छापलं होतं, आणि नियमही तसेच सोज्वळ होते. या खेळात कोणी मरत नाही. फार तर थकतं, मग त्याला चौकीवर नेऊन गरम सूप पाजायचं.

चौकी म्हणजे ‘उत्तर चौकी’. खूप वर्षांपूर्वी टीव्हीवर याच नावाची मालिका लागायची. कायम बर्फात बुडालेल्या मुलखात हवामानाची नोंद ठेवणारी एक चौकी, आणि तिथे अडकलेली मूठभर माणसं. या मालिकेवर त्याचा जीव होता, आणि गंमत म्हणजे त्याने तिचा एकही भाग पाहिलेला नव्हता. तेव्हा त्याला रात्रपाळी होती. मालिका सुरू व्हायची तेव्हा तो कुठल्यातरी गच्चीवरच्या मशीनखोलीत मोटरीशी झटत असायचा. पण दर काही भागांनंतर त्या मालिकेवर बेतलेलं एक पुस्तक निघायचं. पातळ, स्वस्त कागदाचं, मुखपृष्ठावर नटनट्यांचे गोठलेले फोटो. ती सगळी पुस्तकं त्याने मशीनखोलीत विजेरीच्या उजेडात वाचली, आणि नंतर इतक्यांदा वाचली की त्यांची पानं सुटली. त्या पुस्तकांत थंडी होती, गूढ होतं, आणि प्रत्येक प्रकरण अशा जागी संपायचं की माणसाने कामावर उशिरा पोहोचावं. वाचनालयातल्या बाई नाक मुरडून म्हणायच्या, “मालिकेवरून काढलेलं पुस्तक म्हणजे पुस्तक का?” त्यावर त्याचं उत्तर तयार असायचं. पडद्यावर चौकीचा कप्तान नुसता खिडकीबाहेर बघतो. तो काय विचार करतोय, ते पुस्तकातच कळतं.

आजच्या खेळासाठी त्याने आठवडाभर जीव काढला होता, आणि त्याला कारण होतं. तेरा वर्षांच्या लेकीने सोमवारी चहा पिता पिता जाहीर केलं होतं, “बाबा, पुढच्या रविवारपासून मी मैत्रिणींबरोबर पोहायला जाणार. आजीला सांग माझं पात्र घ्यायला. हा रविवार शेवटचा.” एवढ्या सहज, की जणू साखर कमी झालीय असं सांगावं. रविवारच्या या दोन तासांखेरीज ती त्याच्या वाट्याला येत तरी कुठे होती? मग त्याने हुकमाचं पान बाहेर काढायचं ठरवलं. पहिल्या दिवसापासून या खेळात चौकीचा डॉक्टर बेपत्ता होता. सगळे त्याच्या मागावर होते. सातव्या पुस्तकात तो शेवटी एका झोपडीत जिवंत सापडतो, आणि ते पान वाचताना त्याच्या स्वतःच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. तो काटा आज लेकीच्या अंगावर आणायचा. मग बघू कोण पोहायला जातंय.

“तर,” तो म्हणाला, “तुम्ही चौकीचं दार उघडता. बाहेर वादळ घोंगावतंय.”

“मी आत थांबते,” सासूबाई म्हणाल्या. त्या चौकीच्या कोठीवाली होत्या.

“आई, सगळ्यांना जायचंय. डॉक्टर शोधायचाय.”

“जावईबापू, माझे गुडघे.”

“गुडघे तुमचे दुखतात. कोठीवालीचे नाही. ती तीस वर्षांची आहे.”

“मग आत्तापासूनच जपलेले बरे.”

ती वाटाघाट संपेस्तोवर लेकीने मोबाइलवर तीन निरोप धाडले. ती होती बर्फावरून घसरत पुढे जाणारी वाटाडी, आणि गोष्टीत वाट दाखवायची सोडून टेबलाखाली टाइप करत होती. बायको रेडिओवाली होती. ती दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची आणि रविवारी कमीत कमी बोलायची. फासे टाक म्हटलं की टाकायची, किती पडले ते सांगायची आणि “बरं” म्हणायची. त्या ‘बरं’ने त्याचं डोकं फिरायचं.

वाटेत बर्फरेडा आडवा आला. ही झुंज त्याने फार मन लावून रचली होती. कडा कुठे कोसळतो, दोर कधी तुटतो, सगळं काही.

“मी त्याला बिस्किट देते,” लेक मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली.

“अगं, तो चवताळलाय!”

“भुकेला असेल.” तिने फासा भिरकावला. वीस. विसाच्या वर त्या फाशाला आकडाच नव्हता. बर्फरेड्याने बिस्किट खाल्लं, आणि आठवडाभराच्या मेहनतीवर पाणी पडलं.

“दूध देईल का?” सासूबाईंनी विचारलं.

“रेडा आहे, आई!”

“ओरडताय कशाला? मी कोठीवाली आहे, मला विचारायला नको?”

त्याने डोळे मिटले, मनातल्या मनात दहा अंक मोजले आणि रेडा सोडून दिला. असू दे. झोपडी अजून बाकी होती. त्याने आवाज खाली आणला. झोपडीच्या दारापाशी बर्फ झाडलेलं आहे, म्हणाला. आत चुलीत धग आहे. खाटेवर पांघरूण आहे, आणि ते हलतंय.

लेकीने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

त्याने ते पाहिलं आणि त्याची छाती भरून आली. सासूबाईसुद्धा पुढे झुकल्या होत्या. त्याने मुद्दाम वेळ लावला, रुमालाचं टोक दोन बोटांत धरलं आणि हलकेच उचललं. खाली डॉक्टर उभा होता. पांढरी दाढी, निळा कोट. कोटाची बटणंसुद्धा त्याने टाचणीच्या टोकाने रंगवली होती.

“डॉक्टर!” तो म्हणाला. “जिवंत!”

“पण तो तर मेला,” बायको म्हणाली.

लेकीने आईकडे पाहिलं, मग बापाकडे.

“मेला काय? कोण मेला?”

“डॉक्टर. मालिकेत मेला तो. शेवटच्या भागाच्या आधीच्या भागात.”

“काहीतरीच काय! सातव्या पुस्तकात जिवंत सापडतो. याच झोपडीत!” तो ताडकन उठला, कपाटातून सातवं पुस्तक काढलं आणि सुटी पानं सांभाळत ते पान उघडून तिच्यापुढे आपटलं. “वाच!”

तिने वाचलं. डोळे तपासणाऱ्या बाईने वाचावं तसं, सावकाश, एकेक ओळ. “छान लिहिलंय,” ती म्हणाली. “पण तसं झालं नाही. त्या नटाला दुसरी मालिका मिळाली, म्हणून मारून टाकलं डॉक्टरला. तेव्हा सगळीकडे चर्चा होती. पुस्तकवाल्याकडे जुनीच गोष्ट गेली असेल, त्याने तीच छापली. त्याला कोण कळवणार?”

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ज्या पानावर त्याने जीव टाकला, ते पान म्हणजे रद्द झालेली गोष्ट होती! आणि हे सांगायला तिला आजचाच मुहूर्त सापडला, लेकीने मोबाइल पालथा ठेवला त्याच क्षणी.

“हे तुला आधी सांगता येत नव्हतं?”

“मला बोलू कधी दिलंत?” बायकोचा आवाज चढला नव्हता, पण ‘बरं’ म्हणणारा तो आवाज हा नव्हे, हे सगळ्यांना कळलं. “दर आठवड्याला भाग बघायचे मी. ही रडकी, रात्रभर खांद्यावर. दुसरं माणूस नाही घरात. सकाळी तुम्ही यायचात, मी काही म्हणायला तोंड उघडलं की कानांत बोटं घालून उभे राहायचात दारात. ‘सांगू नकोस, पुस्तक यायचंय!’”

“अगं, ते गमतीने...”

“गमतीने नाही. डॉक्टर मेला त्या रात्री मी ढसाढसा रडले. सकाळी तुम्ही आलात. तेव्हाही बोटं कानांतच. मग मी पोळ्या लाटायला घेतल्या. पुढे तुम्ही पुस्तक वाचलंत, खूष झालात, म्हणालात, काय शेवट आहे! मला वाटलं, ह्यांना डॉक्टर मेल्याचंच कौतुक वाटतंय. मग मी तो विषयच सोडला.”

ती चुकीचं बोलत असती तर बरं झालं असतं, कारण त्याला कडकडून भांडायचं होतं आणि भांडायला जागाच उरली नव्हती. तो नियमांची पानं उलटायला लागला. “हे बघ. या खेळात कोणी मरत नाही. फार तर थकतं. हे इथे छापलंय.”

“मग थकला म्हणा,” बायको म्हणाली.

“पण मेला कसा तो?” सासूबाईंनी विचारलं.

“हो आई, कसा?” लेक म्हणाली.

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. “सांगू?”

नाही म्हणावंसं त्याला फार वाटलं. आडोशाच्या आत पुढची सबंध गोष्ट रचून पडली होती. डॉक्टरचं परतणं, कप्तानाशी समेट, लेकीच्या वाटाडीला मिळणारं पदक. “सांग,” तो म्हणाला, दाढ उपटून घेणाऱ्या माणसाच्या सुरात.

तिने सांगितलं. आधी अडखळत, मग सरळ. वादळात रेडिओचा खांब वाकतो. निरोप बाहेर जाईना, आणि निरोप गेला नाही तर जहाज येणार नाही. डॉक्टर कमरेला दोर बांधून बाहेर पडतो. दोराचं दुसरं टोक रेडिओवालीच्या हातात. खांब सरळ होतो, निरोप जातो, जहाजाचं उत्तर येतं, सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. रेडिओवाली दोर ओढते, आणि तो हलका लागतो. मग ती रेडिओसमोर बसून म्हणत राहते, ‘चौकी ऐकतेय. बोला. चौकी ऐकतेय. बोला.’ त्या भागाच्या शेवटी नेहमीचं संगीतसुद्धा वाजलं नाही.

सांगताना तिने हात टेबलावर ठेवला होता, आणि मूठ अशी वळली होती की तिच्यात काहीतरी धरलेलं असावं.

“बाप रे,” लेक म्हणाली.

हे ‘बाप रे’ त्याचं होतं. आठवडाभर रात्री बारीक कुंचला घेऊन त्याने ते कमावलं होतं, आणि गेलं भलत्याच माणसाच्या पदरात. तो मनातून इतका चरफडला की त्याची त्यालाच लाज वाटली.

लेकीने थोडा वेळ डॉक्टरची बाहुली हातात धरून फिरवली. मग मोबाइल थरथरला आणि ती उठली.

“पुढच्या रविवारी...” त्याने सुरुवात केली.

“बाबा, सांगितलंय ना. पोहायला.” तिने जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटलं. मोठी माणसं लहान मुलांना थोपटतात तसं. ते त्याला नकारापेक्षा जास्त लागलं. तिच्या खोलीचं दार बंद झालं, आणि आतून हसण्याचा आवाज आला. सासूबाई गुडघे धरून उठल्या. “छान होता हो आजचा खेळ,” म्हणाल्या. “रेडा मला आवडला.” आणि त्या आडव्या व्हायला गेल्या.

तो फासे गोळा करायला लागला. एक घरंगळत जमिनीवर पडला, त्यालाही त्याने शिवी हासडली. सगळं संपलं होतं. लेक गेली, डॉक्टर गेला, सातवं पुस्तक गेलं. दोन माणसांत कसला खेळ खेळायचा?

बायको उठली नव्हती.

“कप्तान आधी खोटं बोलला, म्हणून ते सगळं झालं,” ती म्हणाली.

“कप्तान खोटं बोलत नाही. पुस्तकात कुठेही...”

“अहो.” तिने आडोसा उचलून बाजूला ठेवला. आता मध्ये काही नव्हतं. “जरा ऐकाल का? नीट सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल. बरेच भाग आहेत.”

त्याला चहा हवा होता, त्याचं डोकं दुखत होतं, आणि आज कोणाचं काही ऐकून घ्यायची त्याला तिळमात्र इच्छा नव्हती. तो खुर्ची ओढून बसला.

“पहिल्या भागात सुरुवातीला कोणीच दिसत नाही,” ती म्हणाली. “नुसता वारा ऐकू येतो. मला वाटलं टीव्ही बिघडला. मी उठून मागच्या वायरी हलवल्या, तुम्ही असतात तर किती हसला असतात. मग लांबून एक दिवा येतो.”

पुस्तकाची सुरुवात कप्तानाच्या पत्राने होते. ते पत्र त्याला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ होतं आणि ते जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. त्याने ते मोठ्या कष्टाने गिळलं.

“मग?” तो म्हणाला.