उसना हात

या, असे जवळ सरका. गोष्ट एका हाताची आहे. गोड नाही, पण ऐकून घ्या.

खेळाडूंच्या हालचाली तपासणाऱ्या बाईंनी पोरीच्या मनगटावर, कोपरावर, खांद्यावर, कमरेवर, पायांवर चकाकत्या टिकल्या चिकटवल्या.

"हं, कर सर्व्हिस. निम्म्या जोरानं."

"निम्मा जोर हिला ठाऊकच नाही," भिंतीशी उभा बाप म्हणाला. टेनिस त्यानेच तिला शिकवले होते. दुसरा गुरू तिने पाहिला नव्हता.

"बाबा, इथे पंच नाहीत. भांडायला कुणी मिळणार नाही तुम्हाला."

हसतच तिने चेंडू उडवला. हात वर गेला, चेंडू जाळीत अडकला आणि ती खांदा धरून खाली बसली.

त्या टिकल्यांवरून पडद्यावर तिचाच काड्यांचा माणूस उमटला. ना तोंड, ना केस. बाईंनी तो सावकाश हलवला.

"जोर पायांतून उठतो. कंबर, खांदा, कोपर, मनगट, असा हातोहात वर जातो. हिचे पाय सुरेख, कंबरही. पण इथे पाहा, कोपर सरळ होतच नाही. मग त्याचं ओझं खांदा ओढतो, दर वेळी. म्हणून आतून फाटलाय."

"शिवता येईल ना?" पोरीने विचारले.

"येईल. पण हात असाच फिरला तर पुन्हा फाटेल, आणि मग खेळ संपला. लहानपणी कोपर मोडलं होतं तुझं?"

"माझं? कधीच नाही."

बाईंनी तिचा हात धरून लांब केला. सुतासारखा सरळ झाला.

"होतोय की! मग मारताना का अडवतेस?"

"अडवतेय कुठे? बाबांसारखी मारते."

बाप पडद्याकडे बघत होता. त्या काड्यांना तोंड नव्हते, तरी त्याने ओळखले. तरुणपणी शिडीवरून पडून त्याचे कोपर मोडले होते. ते वाकडेच जुळले. पोरीला शिकवताना तो घसा फोडून सांगायचा, "कोपर सरळ!" पोर ऐकायची त्याचे, पण बघायची त्याच्या हाताकडे.

"तुमचा हात बघू," बाई म्हणाल्या.

त्याने पुढे केला. कोपर अडले. पडद्यावर अडले होते तिथेच.

"तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा."

"मला वाटलं, तुला दिसतंय."

"मला वाटलं, असंच असतं."

बाई टिकल्या काढू लागल्या. "खांदा शिवल्यावर पहिल्यापासून शिकावं लागेल. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघून."

"आणि बाबा?"

बापाने शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढली, बटण लावले.

"मी बाहेर थांबतो," तो म्हणाला, आणि दार डाव्या हाताने उघडले.

देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या बापाची आठवण ठेवा. चुकीचे असे त्याने काहीच सांगितले नव्हते.