चार बोटांचं अंतर

मित्रांनो, आमच्या पोस्टमास्तर साहेबांना काय मिळणार होतं, ते आधी मांडतो. तीन पोस्टमनचं काम दोघांत बसवायचं, वरच्या कचेरीची शाबासकी घ्यायची आणि शहरात बदली पदरात पाडून घ्यायची. माणूस वाईट नव्हता. त्याला घाई होती, आणि त्याच्या खुर्चीमागे मी होतो.

मी भिंतीवरचा एक जुना नकाशा आहे. माझ्यासाठी मोजणीची माणसं दोन वर्षं उन्हातान्हात हिंडली. प्रत्येक चढ, प्रत्येक कडा त्यांनी तपकिरी रेषांनी कागदावर आणला. पण कचेऱ्यांसाठी स्वस्तातली आवृत्ती काढताना छापखान्याने चौथा रंग गाळला. निळ्या नद्या राहिल्या, लाल रस्ते राहिले, काळी नावं राहिली. डोंगर तेवढे गेले. मी अगदी गुळगुळीत झालो. येणारेजाणारे म्हणत, "काय सुरेख नकाशा आहे हो." खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

एका सकाळी साहेबांनी माझ्यावर दोरा ताणला.

"खालची वस्ती ते वरची वस्ती, चार बोटं. काका, उद्यापासून दोन्ही तुमच्याकडे."

काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने पोस्टमन. चष्मा पुसत म्हणाले, "साहेब, मधे खिंड आहे. बकरीसुद्धा दोनदा बसते तिथं."

"नकाशात कुठाय?"

"नकाशाला कुठं चालायचंय?"

टपाल लावणाऱ्या बाई फिसकन हसल्या. साहेबही हसले, पण हुकूम निघाला. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी काकांच्या बाजूने बोललो असतो. निदान आता तरी मला तसं वाटतं.

काकांची खालची वस्ती उरकेपर्यंत दुपार कलायची. पुढच्या चढाला गुडघे नाही म्हणायचे. वरचं टपाल आधी एक दिवसाआड जाऊ लागलं, मग काका पोहोचतील तेव्हा.

वरच्या वस्तीत एका गवंड्याची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणाला बोलावतील म्हणून पत्राची वाट पाहत होती. वयाच्या अटीत बसणारं तिचं हे शेवटचं वर्ष. काका बाईंना बजावत, "तिचं आलं की माझ्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा."

पत्र सोमवारी आलं. बाईंनी ते वरच ठेवलं. काका निघाले, अर्ध्या चढावर गुडघा धरून बसले आणि परत आले. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी काठी टेकत पोहोचले. हजर राहायची तारीख पाकिटाच्या आत होती. मंगळवारची.

गुरुवारी मुलगी स्वतः कचेरीत आली. साहेबांनी शहरात फोन लावून पाहिला. जागा भरली होती. ते खाली मान घालून म्हणाले, "अंतर तसं फार नाही गं, म्हणून..." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

ती माझ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ आपली वस्ती शोधत होती.

"आमची खिंड कुणी नेली?" तिने विचारलं.

जाताना ती काकांपाशी थांबली. "काका, सूज उतरली का? मिठाच्या पाण्याने शेका."

काकांना मान वर करवेना.

मित्रांनो, आम्हा नकाशांना जपा, आमच्यावर धूळ साचू देऊ नका. पण आमच्या भरवशावर कुणाला वाटेला लावण्याआधी, त्या वाटेने रोज चालणाऱ्याला विचारा. आमच्यात जे नाही, ते जमिनीवर असतंच.

साहेबांची बदली झाली. जाण्याआधी त्यांनी तिसरी जागा परत मागितली, ती मिळाली नाही. काकांचा एक गुडघा गेला. माझं काहीच गेलं नाही, उलट मला नवी काच बसवली. बाकी सगळी किंमत त्या मुलीने मोजली. ती आता वडिलांच्या हाताखाली विटा वाहते.