कानावरचा हात

आम्ही शेवटच्या आलो. बावीस देशांत बाविसाव्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे चुकचुकायचं तेवढं चुकचुकून घ्या.

मी सायली. माझ्यासोबत रोहिणी आणि ऋतुजा. तिघी चकलांब्याच्या. आमच्या गटाचं नाव ‘उनाड’, कारण गाव आम्हाला तेच म्हणायचं. मोबाईलवर टाकलेलं आमचं एक गाणं लाखोंनी ऐकलं आणि कझाकस्तानातल्या अलमाटी शहराच्या आंतरराष्ट्रीय गाण्यांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. प्रवासाच्या खर्चाचं आमच्या भागातले पुढारी विजयसिंह दादांनी बघितलं आणि वेशीपासून पार बीडपर्यंत स्वतःचे फोटो लावले. आम्ही खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या.

आमच्या गाण्याचा जीव ऋतुजाच्या गळ्यात. तिची आई साखराबाई मेंढरांमागे गाते, एक हात कानावर ठेवून. ऋतुजाही तशीच गाते. पण स्पर्धेत वाद्यं आधीच रेकॉर्ड केलेली, ती ऐकायला कानात इवलंसं यंत्र. हात कानावर गेला की ते निसटायचं. आम्हाला शिकवायला पुण्याहून आलेल्या सरांनी महिनाभर तिला दोन्ही हातांनी माईक धरायला लावला. सवय सुटली, असं त्यांना वाटलं. जित्याची खोड ती, अशी थोडीच जाते?

अलमाटीच्या मंचावर दुसऱ्या कडव्याला तिचा हात वर गेला. यंत्र खाली पडलं. वाद्यं ऐकू येईनात, तशी ती आईच्या चालीनं सावकाश गाऊ लागली. माझ्या कानात वाद्यं पुढं पळत होती. त्यांच्यामागे गेले असते तर ऋतुजा एकटी तोंडघशी पडली असती. मी माझं यंत्र उपटलं. रोहिणीनं माझ्याकडे पाहिलं आणि तिनंही उपटलं. वाद्यं संपली तसे दिवे विझले. आमचं एक कडवं राहिलं होतं, ते म्हणायच्या आतच आम्हाला खाली उतरवलं.

गावात सत्काराचा मंडप आधीच उभा राहिला होता. दादांनी मंचावर माझ्या हातात एक कागद दिला. ऋतुजाच्या चुकीमुळे देशाची मान खाली गेली, तिला गटातून काढत आहोत, असं मी वाचायचं. वाचलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतो, नाहीतर ‘उनाड’ बंद, असं ते कानाशी येऊन हळूच म्हणाले. समोर पहिल्या रांगेत साखराबाई बसली होती, नवं लुगडं नेसून. माझं डोकंच सणकलं.

“दादा, तिचं यंत्र पडलं,” मी माईकवर म्हणाले. “आमी दोघींनी आमचं हातानं काढलं. हा कागद मी वाचणार न्हाई. तुमीच वाचा.”

कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. ऋतुजा रडत होती. रोहिणीनं तिचा हात उचलून तिच्याच कानावर ठेवला, मग स्वतःचा स्वतःच्या कानावर नेला. मीही नेला. राहिलेलं कडवं आम्ही सुरू केलं.

दादांच्या माणसानं माईक बंद केला. करू दे. साखराबाईच्या माळावर कुठं माईक असतो? ती जागेवरून उठली, कानावर हात ठेवला आणि आमच्या आवाजात तिचा आवाज मिळवला.

‘उनाड’ त्याच दिवशी बंद पडला, जेमतेम अकरा महिन्यांचा होऊन. कडवं मात्र आम्ही पुरतं म्हटलं, आणि सावकाश म्हटलं.