ब्रॅडॉकची मागची सीट

मी ब्रॅडॉक. नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका; आता ते कुणीच ऐकत नाही. समुद्रापलीकडे अमेरिकेत माझी कंपनी होती, तिला कुलूप लागून बारा वर्षं झाली. म्हणजे मला माहेर उरलं नाही. एखादी नळी फुटली, कडी तुटली, तर तिकडून आता काही यायचं नाही. भिलाईच्या सेक्टर सहामध्ये एका क्वार्टरपुढे मी उभी असते. शेजारचे मला भुताची गाडी म्हणतात. म्हणोत बापडे! पण अर्धवट बोललेलं मला खपत नाही, म्हणून आज सगळं सांगते.

सत्तेचाळीस साली मी मुंबईच्या बंदरात उतरले आणि मालगाडीच्या उघड्या डब्यावर दोरखंडांनी बांधून दुर्गला आले. जुनवानीच्या दाऊने मला घेतलं. दाऊ म्हणजे इकडचा मालगुजार, गावचा धनी. गावात धड रस्ता नाही, पेट्रोल आणायचं तर दुर्गला माणूस धाडायचा, पण दाऊला मोटार हवी होती. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं नाही. गावकऱ्यांच्या तोंडात माझं नाव बसेना, ते मला बदक म्हणायचे. आधी राग यायचा, पुढे अंगवळणी पडलं.

दाऊचा मुलगा केवलराम. त्याची बायको फुलबासन माझ्यातच बसून सासरी आली. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती माझ्या आरशात वाकायची, टिकली सरळ करायची आणि स्वतःलाच जीभ दाखवून पळायची. माझा तिच्यावर फार जीव होता.

पन्नासच्या वैशाखात ती बाळंतपणात अडली. मला जुंपलं. मागच्या सीटवर तिला निजवून दुर्गच्या दवाखान्याकडे निघालो. घाईत ड्रायव्हरने रेडिएटरमध्ये पाणी आहे की नाही ते पाहिलंच नाही. अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या उतारावर मी उकळले आणि गप्प झाले. नाला कोरडा ठणठणीत. ड्रायव्हर एका अंगाला, केवलराम दुसऱ्या अंगाला, दोघेही पाण्यासाठी धावले. ती एकटी माझ्यात राहिली. तिने माझ्या दाराची कडी घट्ट धरली, सीटवर हात आपटले, हिरव्या बांगड्या फुटून तुकडे सीटच्या फटीत गेले. केवलराम मडकं घेऊन आला, तेव्हा तिचा हात कडीवर तसाच होता, आणि ती गेली होती.

गेली, असं लोक म्हणतात. घरच्यांनी तिला उतरवून नेलं, रडून घेतलं, सगळं रीतीप्रमाणे केलं. पण माझ्यातून ती उतरली नव्हती.

दाऊने मला महुआच्या झाडाखाली लावलं आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दहा वर्षं मी तिथं होते. पुढच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मागे एकही कधी गेली नाही. मागच्या सीटला एका माणसाच्या वजनाचा खळगा पडलेला असे. सकाळी तो उजवीकडे असायचा. दुपारी उन्हं त्या काचेतून आत आली की हळूच सरकत डावीकडे, सावलीला जायचा. केवलराम रोज यायचा, दाराला टेकून उभा राहायचा, आत काही बसायचा नाही.

त्याच वर्षांत इकडे पोलादाच्या कारखान्याचं काम सुरू झालं. शेतं गेली, लाल धुळीचे रस्ते आले, रशियन साहेब आले, आणि भंडाऱ्याकडची, साकोलीकडची माणसं पोटासाठी येऊन क्वार्टरांत राहू लागली. त्यातलाच पुंडलिक. कारखान्याच्या मोटार गॅरेजात फिटर. हात असा की बंद घड्याळानेही त्याला बघून टिकटिक करावं. केवलरामच्या धानाच्या गिरणीचं इंजिन कुणालाच सुधरेना, ते याने एका रविवारी चालू करून दिलं आणि मोबदल्यात मला मागितलं.

 महुआचं ते झाडही आता तोडलं जाणार होतं. केवलराम म्हणाला, "ले जा भैया. फेर पाछू के सीट मा कोनो ला झन बइठाबे." म्हणजे घेऊन जा, पण मागच्या सीटवर कुणाला बसवू नकोस.

आता बघा फिटरचं डोकं! "स्प्रिंगा बसल्या असतीन," पुंडलिक म्हणाला. "त्या मी बदलून टाकतो जी." 

पुंडलिकला गाडीची हौस नव्हती, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्याखाली आडवा पडून नट सोडवताना तो माझ्याशीच बोलायचा. आदल्या वर्षी त्याची बायको सत्यभामा अडली, तेव्हा अँब्युलन्स दुसऱ्याच अपघातावर गेली होती. सायकल रिक्षातून नेता नेता वाटेतच मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस होते, तिसरा महिना. "वैशाखात हिचे दिवस भरतीन," तो मला सांगायचा. "तवापर्यंत तुले उभं करतोच मी. हे पोरगं रस्त्यावर नाही जाऊ द्यायचं."

ऐकून माझं पत्र्याचं अंग गार पडलं. अरे बाबा, कुणाला घेतलंस तू, आणि कशासाठी? पण सांगू कशी? तोंड दिलं नाही देवाने, हॉर्न दिला, आणि तोही तेव्हा बिघडलेला.

माझे सुटे भाग जगात कुठंच मिळेनात. मग कंडम मालाच्या लिलावातून जे मिळेल ते त्याने आणलं. जीपचं इंजिन बसवलं. माझी बॅटरी सहा व्होल्टची, दिवे देवघरातल्या समईएवढे मंद. ती काढून बारा व्होल्टची घातली, सगळी वायरिंग नवी ओढली. ब्रेक एका ट्रकचे, रेडिएटर दुसऱ्या ट्रकचा, चांगला मोठा. दुर्गहून त्याचा मित्र शामराव यायचा, रेल्वेतला इलेक्ट्रिशियन, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "अबे पुंडलिक, हिच्यात हिचं काय राहिलं गा आता?"

"बॉडी राहिली ना. अन् सीट."

सीट त्याने सगळ्यात शेवटी उचलली. उसवून पाहतो तर एकूण एक स्प्रिंग शाबूत. तो चक्रावला. पुन्हा शिवून बसवली, अंगणात फळीवर ठेवून दाबून पाहिली, टणक. गाडीत ठेवली आणि दोघांच्या डोळ्यांदेखत ती मधोमध हळूच खाली बसली. भर दुपारी, लख्ख उन्हात. शामरावने हातातला पेचकस खाली ठेवला. "मले पाच वाजताची गाडी हाये," म्हणाला, आणि तीनलाच निघून गेला.

फटीतून निघालेले बांगड्यांचे तुकडे पुंडलिकने वाटीत टाकले होते. सत्यभामाने ते पाहिले, तळहातावर घेतले. "हे बाईमाणसाचं हाये," एवढंच म्हणाली. "चला, जुनवानीले जाऊन इचारू."

माझी पहिली फेरी ती. सत्यभामा पुढे बसली. केवलराम दारातच भेटला. मला चालत आलेली पाहून त्याचा चेहरा फुलला, आणि मग त्याने मागच्या काचेतून आत डोकावलं. तिथंच उकिडवा बसून त्याने दोघांना सगळं सांगितलं. कडी, मडकं, नाला. सांगताना वर पाहिलं नाही.

परत आल्याबरोबर पुंडलिकने पाना हातात घेतला. "सीट जाळून टाकतो. नाहीतर गाडीच कंडममध्ये देतो. असली गाडी तुह्यासाठी बनवून राहिलो होतो मी!" 

"थांबा जी," सत्यभामा म्हणाली. "कावून जाळता? तिनं आपलं काय केलं? तिले दवाखान्यात जायचं होतं. ते अजून पोचलीच नाही."

"ते मेली हाये, सत्यभामा!"

"मेली तर मेली. पोचली तर नाही ना?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. सत्यभामा नवं लुगडं नेसून आली, माझं मागचं दार उघडलं आणि त्या खळग्यात तिची ओटी भरली. खण, नारळ, सुपारी, हळकुंड, ओंजळभर तांदूळ आणि बारा हिरव्या बांगड्या. शामराव नेमका तेव्हाच आला होता, तो लांबूनच ओरडला, "वहिनी, भरल्या पोटानं मेलेल्या बाईची ओटी भरून राहिल्या? डोस्कं ठिकाणावर हाये ना?"

"ते पहिलटकरीण होती, भाऊजी. तिची सातव्याची ओटी कोणी भरली नसंल," ती म्हणाली.

ओटी घेणारीने चिमूटभर दाणे भरणारीला परत द्यायचे असतात, ही तुमची रीत. सत्यभामा पदर पसरून उभी राहिली. शामराव तोंड फिरवून उभा होता, पुंडलिकने डोळे मिटले होते. मी पाहत होते. पदरात पाच दाणे पडले, ते कुठून, हे मी सांगणार नाही. सत्यभामाने ते मोजले नाहीत. गाठ मारली आणि आत गेली.

वैशाखात, भर दुपारी बाराच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. पुंडलिक रात्रपाळी करून नुकता झोपला होता, तो तसाच बनियनवर उठला. पाण्याचे दोन डबे डिकीत तयार होते. दुर्गच्या दवाखान्यातल्या बाईडॉक्टरने तिला आधीच पाहिलं होतं, तिथंच जायचं ठरलं होतं. तो म्हणाला, पुढे बस. ती म्हणाली, पुढे निजता येत नाही, आणि मागचं दार स्वतःच उघडून आडवी झाली. मला दोघींचं वजन कळलं. टायर दबले.

रस्ता मोकळा होता. जीपचं इंजिन खेडवळ असलं तरी इमानी, धडधडत निघालं. आणि मग जुनवानीच्या वाटेवरचा तोच नाला आला; दुर्गला जायचं तर तो इथूनही चुकत नाही.

उतारावर माझा वेग आपोआप पडला. पाणी काठोकाठ, पेट्रोल भरपूर, काटा थंड. तरी इंजिन आचके देऊ लागलं आणि थांबलं, त्याच जागी. पुंडलिकने सेल्फ मारला, पुन्हा मारला. बॉनेट उघडलं, काही नाही. मागच्या दाराची कडी आतून कुणीतरी घट्ट आवळली होती, आणि सत्यभामाचे दोन्ही हात तर पोटावर होते. मी शरमेने मेले होते. इंजिन माझं नाही, ब्रेक माझे नाहीत, मग दुसऱ्यांदा दगा देणारी ही कोण? मी फार भ्याले होते, खोटं कशाला सांगू.

पुंडलिक रडवेला होऊन म्हणाला, "मी पाहतो एखादी गाडी, रस्त्यावर जातो..."

"तुमी कुठं जाऊ नका!" सत्यभामा ओरडली. मग दात आवळून शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळली आणि बोलली, जावेशी बोलावं तशी, "अवं फुलबासन, भेऊ नको वं. हा काई उतरायचा ठाव नव्हे. आमचे हे हायेत इथं, गेले नाही कुठं. माह्या हात धर, अन् चाल."

तिने उजवा हात पुढे केला. माझ्या दाराची कडी सुटली. टक्कन आवाज झाला, तो पुंडलिकनेही ऐकला. त्याने सेल्फ मारला आणि मी अशी सुटले की गावठी कुत्र्यांनाही पाठलाग करता आला नाही.

दवाखान्याच्या पायरीशी आयाने दार उघडलं. सत्यभामा उतरली, डाव्या हाताने पोट धरून. उजवा हात मागे, कुणाला सांभाळून आणावं तसा. ती दारातून आत गेली आणि मागची सीट वर आली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा, पूर्ण वर.

तासाभरात मुलगी झाली. आई सुखरूप, पोर सुखरूप. पुंडलिक माझ्या बॉनेटवर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. बॉनेट तापलेलं होतं, त्याला कळलंही नाही.

पंधरा दिवसांनी केवलराम क्वार्टरवर आला. आधी माझ्याकडेच आला. दार उघडलं, सीटवर तळहात दाबून पाहिला, इकडे, तिकडे, मधोमध. सत्यभामा पोरीला घेऊन दारात उभी होती.

"उतर गिस?" त्याने विचारलं.

"उतरली दादा."

"अस्पताल मा?"

"हो, दवाखान्यातच."

त्याने माझ्या दाराच्या कडीवरून हात फिरवला. मग अगदी हळू आवाजात, "अकेल्ला गिस का?"

"नाही जी," सत्यभामा म्हणाली. "माह्या हात धरून गेली."

केवलराम माझ्या मागच्या सीटवर बसला. पहिल्यांदाच. आणि मनसोक्त रडला.

नलू आता पाच वर्षांची आहे, तिला शाळेत मीच सोडते. मी हलकी झालेय, चढावर दम लागत नाही. पुंडलिक म्हणतो हे नव्या कार्ब्युरेटरमुळे. म्हणो. खरं सांगू? मला करमत नाही. जुनवानीपासून माझ्यात माझी म्हणून राहिलेली ती एकटीच होती, आणि तिला मी पोचवून आले. पोचवायलाच हवं होतं. तरी दुपारी सीटवर ऊन आलं की मी वाट पाहते, आता कुणी सरकेल म्हणून.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कुठं झाडाखाली, कुठं भिंतीआड बंद कंपनीची जुनी गाडी गंजत उभी दिसली, तर तिला एकदम भंगारात घालू नका. आधी मागचं दार उघडा. आत कुणाला कुठं जायचं राहिलंय का, एवढं विचारा. आणि उत्तर आलं, तर पळू नका.