पहिलं नको

देश स्वतंत्र करायला माझ्या नवऱ्यानं, टॉर्किलनं, तीन मेंढ्या निवडल्या, तेव्हाच मला निकालाचा अंदाज यायला हवा होता.

स्वतंत्र व्हायचं की नाही, यावरचं मतदान तोंडावर आलं होतं. त्या ऑगस्टात त्यानं खुणा करायच्या निळ्या रंगाचा डबा उघडला आणि एकीच्या कुशीवर वाय, दुसरीच्या ई आणि तिसरीच्या एस अशी हातभर अक्षरं रंगवली. तिघी ओळीनं उभ्या राहिल्या की रस्त्यावरून जाणाऱ्याला ‘येस’ दिसावं, अशी योजना. मेंढ्यांना ती कुणी सांगितली नव्हती. इन्व्हरनेसहून वर्तमानपत्राचा फोटोवाला आला, अख्खी सकाळ त्यांच्यामागे चिखलात नाचला, आणि छापून आलं ते एस, ई, वाय. टॉर्किल म्हणाला, हरकत नाही, लोकांना कळतं.

मीही येसलाच मत दिलं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई घरभेदी दिसते.

कुंपणापलीकडे ह्यूई राहतो. सत्तरी उलटलेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या खिडकीत छापील पाटी होती, ‘नको, आभारी आहे.’ विरोधकांची घोषणाच ती होती. टॉर्किलला ‘नको’चा राग होताच, पण ‘आभारी’चा जास्त.

“स्वातंत्र्य म्हणजे काय दुसरा कप चहा आहे? म्हणे नको, आभारी आहे!”

हे तो मला सांगायचा, टपालवाल्याला सांगायचा, टीव्हीतल्या माणसाला तर ओरडून सांगायचा. ह्यूईला मात्र कधी नाही. शेजाऱ्याशी कुंपणापाशी राजकारण काढू नये, असं त्याचं तत्त्व. मेंढीच्या अंगावर काढलेलं त्या तत्त्वात बसत होतं.

मग हरलो. शंभरातले पंचेचाळीस आमचे, पंचावन्न त्यांचे. त्या सकाळी टॉर्किलपुढची लापशी वाडग्यात थिजून गेली आणि मला तर कुणाच्या मयताला बसल्यासारखं वाटत होतं. ह्यूईनं दुपारीच आपली पाटी उतरवली. “बघ, लाज वाटली त्याला!” टॉर्किल म्हणाला. आमची पाटी फाटकावर तशीच लोंबत राहिली. ती निष्ठा.

ह्यूईनं फुशारकी मारली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो. पण तो कुंपणाशी आला, टोपी काढली आणि एवढंच म्हणाला, “थंडी पडायला लागली.” टॉर्किलनं पाठ फिरवली. वीस वर्षं एकत्र सरपण तोडणारी, एकमेकांच्या मेंढ्या कातरणारी माणसं, त्या दिवसापासून बोलेनाशी झाली.

त्यात रंग चांगल्या प्रतीचा निघाला, ही पंचाईत. लोकर कातरेपर्यंत, म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, तो जात नाही. देशानं ‘नो’ म्हटलं तरी आमच्या डोंगरावर ‘येस’ चरतच होतं, नेहमीसारखं उलटसुलट. एस तर ह्यूईच्या कुंपणाला अंग घासत उभी राहायची. टॉर्किल तिला फितूर म्हणायचा.

पण खरी अडचण एडक्याची होती. आमच्या दोन घरांत मिळून एकच एडका. नाव जहागीरदार, कारण वर्षभर काम काही नाही, खाणं उत्तम, आणि सगळ्यांचं भवितव्य त्याच्या मर्जीवर. नोव्हेंबर सरता सरता तो कळपात सोडला तर वसंतात कोकरं. एका वर्षी पहिली पाळी ह्यूईची, एका वर्षी आमची. यंदा आमची होती आणि जहागीरदार मुक्कामाला ह्यूईकडे. आणायचा तर मागायला हवा, आणि मागायचा तर तोंड उघडायला हवं.

“जा की, घेऊन ये,” मी म्हणायची.

“मी त्या माणसाच्या दारात पाय ठेवणार नाही.”

“मग कोकरं काय तू घालणारेस?”

“नवा एडका घेऊ.”

“कशावर? पाट्या विकून?”

“डोली, तुला देशाचं काही पडलेलं नाही.”

“देश गेला तो गेला, निदान कळप तरी राहू दे!”

मी जाते म्हटलं, तर म्हणे तू गेलीस काय नि मी गेलो काय, सारखंच. नोव्हेंबर संपत आला. मला रात्री झोप लागेना. कोकरं नसलेला वसंत आमच्यासारख्यांना परवडत नाही.

आणि एका सकाळी दार उघडते तो जहागीरदार आमच्या रानात, ऐटीत मान वर करून उभा! कुंपणातलं छोटं फाटक उघडून ह्यूईनं न बोलता त्याला आत सोडलं होतं. छातीला पट्ट्यानं रंगाची वडी बांधलेली. म्हणजे एडका जिच्यावर चढेल तिच्या पाठीमागे खूण उमटते आणि कुणाचं झालं ते धन्याला कळतं. वडी लाल होती. आणि जहागीरदारानं पहिला मान दिला होता तो वाय, ई आणि एसला.

पांढरी लोकर, निळं अक्षर, लाल ढुंगण.

टॉर्किल माझ्या खांद्यावरून बघत राहिला. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, “डोली, माझ्या मेंढ्यांचा युनियन जॅक केला त्यानं.”

मला हसू आवरेना. निकालापासून पहिल्यांदाच हसत होते, पोट धरून. टॉर्किल मात्र एका पायात बूट, एका पायात मोजा, तसाच कुंपणाकडे धावला.

“ह्यूई! बाहेर ये!”

“आलो, आलो. आग लागली का कुठं?”

“लाल! मुद्दाम लाल लावलास!”

“मग कुठला लावू? तू मेंढ्या आधीच निळ्या करून ठेवल्यास. निळ्यावर निळं दिसणार कसं?”

“हिरवा मिळतो की दुकानात!”

“हिरवा लावला असता तर म्हणाला असतास, आयर्लंडला विकलं.”

“जिंकलास ना? मग हिणव की! सरळ तोंडावर हिणव!”

“काय जिंकलो रे?” ह्यूईचा आवाज एकदम बसला. “माझी लेक शीना कार्लाइलला राहते, सरहद्दीपलीकडे. ती सोडून मला आहे कोण? तिच्या नि माझ्यामधे आणखी एक कुंपण नको वाटलं. एवढंच.”

“मग हे मला सांगायचं होतंस!”

“कधी? तू विचारलंस कधी? तू मेंढ्यांवर लिहिलंस, टॉर्किल. मेंढ्या विचारायला आल्या असत्या तर त्यांना सांगितलं असतं.”

पाऊस आडवा यायला लागला होता, टॉर्किलचा मोजा चिंब झाला होता. मी दोघांना आत बोलावलं.

आता आमच्याकडे चहाला पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्याला हावरट म्हणतात. पहिलं नको रीतीचं, दुसरं संकोचाचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस म्हणतो, बरं, अर्धा कप. विचारणाराही आधीची दोन नको धरत नाही.

टॉर्किलनं किटली उचलली. “चहा?”

“नको, आभारी आहे,” ह्यूई सवयीनं बोलून गेला.

अगदी पाटीवरचेच शब्द. टॉर्किलनं किटली खाली ठेवली. दुसऱ्यांदा विचारलंच नाही. आमच्या भागात याहून मोठा अपमान नाही, हाताला धरून घराबाहेर काढलेलं परवडलं. ह्यूईनं टोपी उचलली. आता हा गेला की पुन्हा या घरात येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी विचारलं असतं, पण माझ्या विचारण्याला आज किंमत नव्हती.

ह्यूई दारापर्यंत पोचला.

“एकदाच विचारलं आपण,” टॉर्किल म्हणाला. किटलीशी बोलत असल्यासारखा.

“काय म्हणालास?”

“सगळ्या देशाला. एकदाच विचारलं, आणि पहिल्या नकोला तोंड फिरवून बसलो.” तो दाराकडे वळला. “ह्यूई, चहा घेतोस?”

“नको रे. तुझी कामं खोळंबली असतील.”

“चहा घेतोस का, विचारतोय मी!”

“बरं. अर्धा कप.”

टॉर्किलनं कप काठोकाठ भरला, बशीत सांडला, आणि बाहीनं डोळे पुसले. मला तर पुसायलाही सुचलं नाही.

ह्यूईनं बशीतला चहा आधी संपवला. मग टॉर्किलनं विचारलं, “पुढच्या वेळी हो म्हणशील?”

“पुढच्या वेळी म्हणजे दुसऱ्यांदा ना?” ह्यूईनं घोट घेतला. “दुसऱ्यांदाही नकोच म्हणायची रीत आहे. पण तू विचारायला ये. मेंढ्या पाठवू नकोस. तिसऱ्यांदापर्यंत मी टिकतो का बघू.”

टॉर्किलनं काही न विचारता त्याचा कप पुन्हा भरला.