वाऱ्याचा आडोसा

क्लबात सगळे त्याला मिस्त्री म्हणत, कारण सायकली दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. रविवारच्या फेरीत वीस वर्षं सगळ्यात पुढे असायचा तो त्याचा जिवलग मित्र, पोस्टमन. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्यांनी त्याच्या आडोशाने चालवायचं, ही क्लबची रीत. मिस्त्रीने तो आडोसा कायम आयता घेतला.

मग पोस्टमनचे मणके गेले. डॉक्टरांनी वाकायची बंदी केली, तेव्हा त्याने मागे रेलून, पाय पुढे पसरून चालवायची आडवी सायकल आणली. मिस्त्रीचं टाळकंच फिरलं.

"ही सायकल की खाट? उशी पण आणायची होतीस! आणि एवढ्याशा उंचीने वारा कुणाचा अडणार? तू आपला शेवटी राहा."

सगळे खो खो हसले. पोस्टमनही हसला. तीन रविवार तो शेवटी एकटाच आला, चौथ्या रविवारी आला नाही. मिस्त्रीही एक नंबरचा हट्टी, विचारायला म्हणून गेला नाही.

गेल्या महिन्यात पोस्टमन वारला. आज वहिनींनी ती सायकल दुकानात आणून लावली.

"तुमच्यासाठी ठेवून गेलेत. म्हणाले, त्याचीही पाठ दुखत असणार, पण मेला तरी सांगायचा नाही."

वहिनी गेल्यावर मिस्त्री कंबर धरून सीटवर टेकला आणि त्याने पाय पसरले. पोस्टमन त्याच्याहून वीतभर बुटका होता. तरी पॅडल मिस्त्रीच्या तळव्याखाली बरोबर आलं. पॅडल बसवलेली पुढची दांडी चार बोटं पुढे सरकवून नट घट्ट आवळलेला होता.